दोन्ही कलमं: शेतकी शिकून कोकणात वकिली करणारं कुणी आहे का इथे?

रायवळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दापोलीला बीएस्सी अ‍ॅग्री केलं. घरच्यांना वाटत होतं पोरगा कृषी अधिकारी होणार. मी खतं-औषधांच्या एका कंपनीत तीन वर्षं फिरतीची नोकरी केली, मंडणगडापासून राजापुरापर्यंतचे सगळे तिठे पाठ केले आणि मग एलएलबीला बसलो. गेल्या वर्षी सनद मिळाली, बारची परीक्षाही सुटली. आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात सरांच्या हाताखाली आहे. म्हणजे तारखा लिहून घेतो, झेरॉक्स काढतो आणि सर बोलत असले की मान हलवतो.

परवा सरांनी एक फाईल पुढ्यात टाकली. "तुझं शेतकी आहे ना? मग हे तूच बघ."

पक्षकार एक आजी आहेत. यजमान गेले, मुलगा ठाण्याला. बाग बघायला कुणी नाही म्हणून ४२ हापूसची कलमं पाच वर्षांच्या करारानं एका व्यापाऱ्याला दिली. पहिली दोन वर्षं झाडं नुसती लगडली. तिसऱ्या वर्षी निम्म्यावर आली. यंदा मोहर आला तोही आखूड, मुठीत मावेल असा गुच्छ. नवी पालवी जवळजवळ नाहीच. आजी म्हणतात, "कल्टार ओतून ओतून त्याने माझी झाडं वांझ केली." (कल्टार म्हणजे मोहर यावा म्हणून बुंध्याशी घालायचं औषध.) व्यापारी म्हणतो, कल्टार विद्यापीठच सांगतं, मी जगावेगळं काय केलं? उलट बाईंनी चार वर्षांत झाडाला शेणाची पाटी दाखवलेली नाही.

करार दीड पानाचा. औषधाचा उल्लेख नाही. "बागेची योग्य ती निगा व्यापाऱ्याने राखावी" एवढं एकच वाक्य. पीकपाहणीत कलमं ४४ दाखवलीत, करारात ४२. टायपिंगची चूक असावी.

माझे प्रश्न दोन. एक, हे कोर्टात शाबीत कसं करायचं? माझ्या डोळ्यांना दिसतंय की हा जास्त मात्रेचा परिणाम आहे, पण न्यायाधीशांना कसं दिसणार? आणि दोन, जरा स्वार्थी आहे: शेतकी अधिक कायदा या जोडीवर कोकणात पोट भरतं का, की ही नुसती सांगायला बरी वाटणारी गोष्ट आहे?

---

तिठ्यावरचा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तीस वर्षं सिंधुदुर्गात काळा कोट घालतोय.

शेतीचा वकील म्हणजे पिकांचा वकील, हा समज पहिल्या वर्षीच सोडून द्या. आपल्याकडे शेतीचे दावे म्हणजे वाटप, वाट, बांध आणि कूळ. वाडीतल्या पाणंदीवर कुणी गडगा (दगडी कुंपण) घातला की मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६, कलम ५. कूळ आहे की नाही हा वाद आला की १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ७०-ब, आणि ते दिवाणी कोर्टात नाही, तहसीलदारापुढे. ३२-ग झालं का (कुळाने द्यायची किंमत ठरली का), ३२-म चं खरेदीचं सर्टिफिकेट आहे का, नसेल तर का नाही, यात माणसाची हयात जाते. तिथे तुमचं प्रकाशसंश्लेषण कुणी विचारत नाही.

मग शेतकीचा उपयोग कुठे? मला दिसलेली एक जागा सांगतो, भूसंपादन. महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा आमच्याकडे झाडांच्या मूल्यांकनावरून ढिगानं अर्ज आले. २०१३ च्या कायद्यात कलम २९ आहे, झाडांची किंमत काढायला शेतीतला, फळबागेतला अनुभवी माणूस घ्यावा म्हणून. आता हापूस एक वर्षाआड धरतो हे कोकणातल्या पोराला सांगावं लागत नाही. पण मूल्यांकनाला नेमकं न धरणारं वर्ष घेतलं तर किंमत निम्मी होते, आणि हे उलटतपासणीत कसं विचारायचं ते वकिलाला सुचायला हवं. आणखी एक. फळांच्या उत्पन्नावरून जमिनीची किंमत काढून घेतली की त्याच झाडांची वेगळी किंमत मागता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. तेव्हा आधी दोन्ही हिशेब मांडून बघायचे आणि पक्षकाराला कुठला परवडतो ते ठरवायचं. हा हिशेब येणारे वकील जिल्ह्यात हाताच्या बोटांवर.

आता तुमची केस. नोंदणी कायदा १९०८ काढा, कलम २, पोटकलम ९. जंगम मालमत्तेत काय काय येतं? उभी पिकं, गवत, झाडावरची फळं आणि "झाडातला रस". (माडी काढणाऱ्यांनी हे वाक्य फ्रेम करून लावायला हरकत नाही.) म्हणजे झाडावरचा आंबा जंगम, झाड मात्र स्थावर. व्यापाऱ्याने घेतला तो आंबा, झाड आजींचं. आणि कल्टार म्हणजे काय? स्थावराला घालायचं आणि जंगम ओढून काढायचं. तुमचा सगळा दावा या एका फटीत आहे. करारात औषधाचा शब्द नसला म्हणून बिघडत नाही, "योग्य ती निगा" झाडाची आहे, फळाची नाही, असं मांडा.

व्यापारी उद्या मी कूळ आहे असंही म्हणेल, त्याची तयारी ठेवा. फळबागेच्या पट्ट्याला कूळकायद्याची बरीच कलमं लागत नाहीत, ४३-अ वाचा.

आणि टायपिंगची चूक म्हणून सातबाऱ्यावरचा आकडा सोडून देऊ नका. तलाठी चुकतो, मान्य. पण चुकीलाही कारण असतं.

---

बापयमाणूस

झाडां लायली माझ्या बापाशीन, सातबाऱ्यार नाव काकाचा, आणि आंबे काढता तिसरोच. आता सांगा वकीलसायबांनू, आंबो कोणाचो?

आमचो बापूस म्हणायचो, कोर्टात गेलो तो मेलो. तरी रायवळा, तू आजीचा काम कर. फी कमी घे.

---

रायवळ

@बापयमाणूस, फी सर घेतात हो, मला वडापाव मिळतो.

@तिठ्यावरचा, फार आभार. स्थावर-जंगमाचं हे डोक्यातच आलं नव्हतं. मी उद्या-परवा बागेत जाऊन प्रत्येक झाडाची पालवी मोजून, फोटो काढून तक्ता करावा म्हणतोय. पेऱ्यांमधलं अंतर मोजलं की चित्र स्पष्ट होईल.

---

तिठ्यावरचा

थांबा!!

तुम्ही मोजलंत तर तुम्ही साक्षीदार. आणि जिथे आपण साक्षीदार होणार असं दिसतंय तिथे वकीलपत्र घेऊ नये, असा बार कौन्सिलचाच नियम आहे. समोरचा वकील पहिल्याच तारखेला उठून विचारेल, हा तक्ता कुणी केला? झालं. तज्ज्ञही गेला आणि वकीलही.

बाग बघायला जरूर जा. पट्टी घरी ठेवा.

दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर २६. नियम ९ खाली जागेच्या पाहणीसाठी कोर्ट कमिशनर, आणि १०-अ खाली शास्त्रीय तपासणीसाठी. तुमचं शेतकी त्या अर्जात ओता. बाकीचे वकील लिहितात, "कमिशनरने बागेची पाहणी करून अहवाल द्यावा." कमिशनर येतो, चहा घेतो, "झाडे अशक्त दिसली" असं लिहून जातो. काय मोजायचं, कुठे मोजायचं, किती झाडांवर, हे अर्जात तुम्ही लिहून दिलंत तर त्याला तेवढं करावंच लागतं.

---

फुलकिडा

कृषी खात्यातून निवृत्त. त्याआधी कीटकनाशक निरीक्षकाचंही काम केलंय, त्यामुळे कोर्टाच्या बाकावर बरेच दिवस काढलेत, तेही चुकीच्या बाजूच्या बाकावर.

आधी कल्टारचं. त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल झाडातलं जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, बनायचं थांबवतं, वाढ रोखली जाते आणि झाड मोहराकडे वळतं. शिफारस आहे झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे पाऊण ग्रॅम क्रियाशील घटक. बाजारातल्या औषधाचे तीन मिली. द्यायचं १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, बुंध्याभोवती रिंगण करून, त्यात पंचवीस-तीस भोकं पाडून. झाडाला खत वाढवायचं, हे शिफारशीचं दुसरं अर्धं वाक्य सगळे विसरतात. हे औषध मातीत बराच काळ राहतं, म्हणून दरवर्षी तीच मात्रा म्हणजे साठत जाणारं देणं.

आता त्रैराशिक करा. ४२ कलमं, विस्तार सरासरी आठ मीटर धरा. ८ गुणिले ३ म्हणजे झाडाला २४ मिली, सगळ्या बागेला साधारण एक लिटर. व्यापाऱ्याच्या बिलांवर वर्षाला किती लिटर आहे? तो म्हणेल माझ्याकडे आणखी चार बागा आहेत. म्हणू दे. त्या चार बागांतल्या कलमांची बेरीज करायला लावा.

दुसरं म्हणजे वेळ, आणि हे वकिलांना कधी कळत नाही. कमिशनर मे महिन्यात नेलात तर त्याला आंबे दिसतील. जुलैत नेलात तर पाऊस. पावसाळ्यानंतरची पालवी ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुटते, ती जूनही लवकर होते. कोर्टाला तारखेची घाई नसते, पालवीला असते. अर्ज आत्ताच टाका आणि त्यात कारणासकट महिना लिहा.

माझ्या जन्माची एक खंत सांगतो. कीटकनाशक कायदा १९६८ खाली नमुना घेतला की त्याचे तीन भाग होतात, एक विक्रेत्याला, एक प्रयोगशाळेला, एक राखून. अहवाल अप्रमाणित आला तर आरोपीला केंद्रीय प्रयोगशाळेत फेरतपासणी मागायचा हक्क असतो. आम्ही खटला भरेपर्यंत बाटलीची मुदत संपायची. मुदत संपली की फेरतपासणीला अर्थ नाही, हक्क गेला म्हणून आरोपी सुटला. वर्षानुवर्षं हेच. विश्लेषण बरोबर, औषध खरंच बोगस, आणि आम्ही हरलो कॅलेंडरमुळे. मला तेव्हा तुझ्यासारखा कुणी बाजूला हवा होता.

आणि हो, बागेत बांडगूळ आणि खोडकिडा किती आहे तेही कमिशनरला नोंदवायला सांग. आपल्या विरुद्ध जाणारं आपणच आधी लिहिलं की समोरच्याला ते फेकून मारता येत नाही.

---

शंकासुर

एवढं सगळं करून शेवटी पाच-दहा लाखांचा दावा, निकाल दहा वर्षांनी. तोवर आजी राहतात की नाही. वकिलाला बीएस्सीची गरज काय, कृषी विद्यापीठाचा एक प्राध्यापक साक्षीला बोलावला की झालं.

---

कोकमआगळ

@शंकासुर, प्राध्यापकाला प्रश्न कोण विचारणार? साक्ष तज्ज्ञाची असते, प्रश्न वकिलाचा असतो. नव्या साक्ष अधिनियमात तज्ज्ञांचं मत कलम ३९ मध्ये गेलंय (जुनं ४५), पण नियम तोच. मत मांडलं म्हणून कोर्ट ते मानतंच असं नाही, कारणं लागतात. ती कारणं काढून घ्यायला विषय कळावा लागतो.

मी मूळची वेंगुर्ल्याची, एमएस्सी वनस्पतिशास्त्र, नंतर कायदा. आता मुंबईत बौद्धिक संपदेचं काम करते. रायवळ, तुम्ही तालुक्याच्या कोर्टापुरतं बघू नका.

२००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा मी अक्षरशः उशाशी घेऊन झोपते. वाणाची नोंदणी करायची तर तो वेगळा, एकसारखा आणि स्थिर आहे हे दाखवावं लागतं, नवा वाण असेल तर नावीन्यही. नुसत्या वकिलाला हे शब्द पाठ करावे लागतात, तुम्ही ते शेतात बघितलेत. झाडांना संरक्षण १८ वर्षं, बाकी पिकांना १५. आणि कलम ३९: शेतकरी स्वतःच्या शेतातलं बी ठेवू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो, फक्त ब्रँड लावून नाही. गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर २०१९ मध्ये पेप्सिकोने दावे लावले तेव्हा हेच कलम घरोघरी पोचलं. कंपनीने दावे मागे घेतले, २०२१ मध्ये प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणी रद्द केली, २०२४ च्या जानेवारीत दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. हे प्रकरण पाच वर्षं मी मालिकेसारखं बघितलंय.

याच्या बरोबर उलट, पेटंट कायद्याचं कलम ३: शेतीची पद्धत पेटंट होत नाही, झाड किंवा बी पेटंट होत नाही. महिन्याला एक तरी बागायतदार फोन करतो, "मी आंबा पिकवायची नवी पद्धत काढली, पेटंट करून द्या." त्याला नाही म्हणणं हीसुद्धा वकिलीच.

भौगोलिक मानांकनाचं सांगते. हापूसला २०१८ मध्ये मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. लोकांना वाटतं मिळालं म्हणजे झालं. पण वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी केली नसेल तर पेटीवर ते चिन्ह कशाच्या जोरावर लावणार? बाहेरचा आंबा देवगडच्या कागदात गुंडाळून विकतात, त्यावर दावा लावायचा तर आधी आपला बागायतदार नोंदलेला हवा. हे काम तालुक्याच्या ठिकाणी बसून होतं. फी कमी, पण माणसं जोडली जातात, आणि तीच माणसं पुढे वाटपाचा दावा घेऊन येतात.

एक मोह टाळा. धाग्याचं शीर्षक वाचून हसले, दोन्ही कलमं वगैरे. पण पहिली काही वर्षं कुणी विचारलं तर नुसतं "वकील" सांगा. "शेतीतज्ज्ञ वकील" अशी पाटी लावायची नाही, बार कौन्सिल जाहिरात करू देत नाही.

---

होऊघातलेली_वकील

मध्येच विचारते, माफ करा. मी बीएस्सी हॉर्टिकल्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. एलएलबी तीन वर्षांचं की पाच?

---

रायवळ

पदवी झाली की तीन वर्षांचं. त्याची सीईटी द्यायची. पाच वर्षांचं बारावीनंतर असतं. सनद घेतल्यावर बारची परीक्षा. आणि पूर्ण वेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही, त्यामुळे सुरुवातीचे पैसे आधी साठवून ठेव. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

---

खाजणातला

आम्ही पेण-अलिबागकडचे. आमच्याकडे आंबा नंतर, आधी खारजमीन. तिथे शेतकी आणि कायदा असे एकमेकांत अडकलेत की सोडवायला दोन्ही येणाराच माणूस लागतो.

इतिहास थोडक्यात. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध संप केला, शेतं ओसाड ठेवली. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. एवढं करून मिळालेली जमीन आता बऱ्याच ठिकाणी समुद्र नेतोय.

होतं असं. बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, फुटतो. एखाद्या उधाणाला भरतीचं पाणी आत येतं, डागडुजी होत नाही. दोन-तीन वर्षं भात नाही. मग कांदळ (खारफुटी) रुजतो. एकदा कांदळवन झालं की खाजगी जमीन असली तरी हात लावता येत नाही, मुंबई हायकोर्टाचा २०१८ चा निकाल स्पष्ट आहे. निकाल बरोबरच आहे, कांदळ तोडू नये, किनारा त्याच्यावर उभा आहे. पण ज्याचं भात गेलं त्याचं काय? जमीन नावावर, सातबारा नावावर, आत पाऊल टाकलं तर गुन्हा.

मग प्रश्न येतो तो तारखेचा. खारं पाणी कधी शिरलं? कांदळ कधी आला? दाव्याच्या मुदतीचा काटा कुठून सुरू झाला? इथे मातीची विद्युतवाहकता मोजलेले जुने अहवाल कामाला येतात. चार डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. आमच्या चुलत्यांकडे मृदा आरोग्य पत्रिका होती, ती तांदळाच्या पिंपावर झाकण म्हणून वापरत होते. तिच्यावर तारखेसकट आकडा होता. आमच्या वकिलांनी ती कधी मागितलीच नाही, कारण ती काय असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. अर्ज मुदतबाह्य ठरल्यावर ती मला सापडली.

तेव्हा रायवळ, पोट भरेल की नाही ते बाकीचे सांगतील. पिंपावरचं झाकण उचलून बघणारा वकील आम्हाला हवा होता एवढं सांगतो.

---

सुपारीवाडी

दिवेआगरच्या बाजूचे आम्ही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात वाडी आडवी झाली. पंचनामा हेक्टरात. अहो, आमची वाडी अकरा गुंठे! सुपारी पावणेतीन मीटरवर लावली तर हेक्टरी तेराशे-साडेतेराशे झाडं बसतात, नारळ साडेसात मीटरवर तर पावणेदोनशे. आणि आमच्याकडे दोन्ही एकाच गुंठ्यात, खाली जायफळ, वर मिरवेल. हेक्टराच्या रकान्यात हे बसवायचं कसं? तलाठ्याने विचारलं, "मुख्य पीक कुठलं?" माझे वडील म्हणाले, "सावली."

वकील लागला नाही, पण पंचनाम्याच्या वेळी कायदा आणि झाडं दोन्ही कळणारा कुणी शेजारी उभा असता तर रकाने तरी नीट भरले असते.

---

तिठ्यावरचा

सुपारीवाडी, तुमच्या वडिलांना साष्टांग.

रायवळ, एक राहिलं. अपील वगैरे पुढे गेलं तर आता मुंबई नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. तुम्ही आंबा घाट चढा, आम्ही फोंडा. अर्जाचं काय झालं ते इथे लिहा. लोक धागा काढतात आणि गायब होतात.

---

रायवळ

(तीन महिन्यांनी) गायब झालो नव्हतो. तारखा चालू होत्या.

अर्ज ऑगस्टमध्येच टाकला. फुलकिडा काकांचं पालवीचं कारण जसंच्या तसं लिहिलं. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली की हे पुरावा गोळा करणं आहे. सरांनी मलाच उभं केलं. मी म्हटलं, पालवी नोव्हेंबरनंतर जून होते, मग पुढच्या वर्षीपर्यंत मोजण्यासारखं काही राहत नाही. साहेबांनी विचारलं, "जून म्हणजे महिना का?" मी म्हटलं, नाही, पिकलेली, कडक झालेली. ते हसले आणि अर्ज मंजूर झाला. कमिशनर म्हणून उद्यानविद्येचे एक निवृत्त प्राध्यापक नेमले.

पाहणीला दोन्ही बाजू हजर. मी हात खिशात घालून उभा होतो, अगदी शब्दशः, कारण समोरचे वकील माझ्या हातांकडेच बघत होते. अर्जात लिहिल्याप्रमाणे प्रत्येक झाडाच्या चार दिशांच्या फांद्या, शेंड्याकडच्या पालवीची लांबी, पेऱ्यांतलं अंतर, बांडगूळ आहे-नाही. पालवी चार बोटांची, पानं एकावर एक रचल्यासारखी. बांडगूळ नऊ झाडांवर निघालं, तेही लिहिलं.

आता माझी फजिती. तुलनेसाठी मी अर्जात गडग्यापलीकडचं शेजाऱ्यांचं कलम दिलं होतं, त्याला कल्टार कधीच घातलेलं नाही म्हणून. पालवी वीतभर, हिरवीगार. मी मनात खूश. तेवढ्यात व्यापारी स्वतःच पुढे झाला, "साहेब, त्या झाडामागे गोठा आहे. वर्षभर शेणमूत त्याच्याच मुळाशी जातं. याच्याशी माझ्या झाडांची तुलना?" बरोबर होतं त्याचं. शेतकीच्या पहिल्या वर्षाला शिकवलेली गोष्ट, तुलनेच्या झाडाला बाकी सगळं सारखं हवं, आणि मी गडग्यावरून वाकून पलीकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

सगळे परत निघाले. आजी पडवीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "विहिरीकडची दोन बघितलीत काय रे? ती मी दिली नव्हती त्याला. घरच्याला खायला ठेवली होती."

४४ आणि ४२. टायपिंगची चूक!

तीच माती, यजमानांनी एकाच पावसात लावलेली, शेणाची पाटी तिथेही नाही, आणि व्यापाऱ्याचा हात तिथे लागलेला नाही कारण करारातच नाहीत. कमिशनरांनी दोन्ही पक्षांना विचारून ती मोजली. पालवी शेजाऱ्यांच्या झाडाइतकी नाही, पण बागेतल्या झाडांच्या दुपटीहून थोडी जास्तच. नऊ झाडांच्या रिंगणातून आणि या दोघांच्या बुंध्याजवळून मातीचे नमुने घेतले, पिशव्यांवर दोन्हीकडच्या सह्या, लाखेचं सील. ते प्रयोगशाळेत गेलेत.

निघताना मी आजींना विचारलं, आधी का नाही सांगितलंत? म्हणाल्या, "तू झाडांचं विचारलंस, माझं कुठे विचारलंस?"

फुलकिडा काका, बिलांवरचा आकडा तुमच्या त्रैराशिकापेक्षा बराच मोठा आहे. व्यापाऱ्याच्या बाकीच्या बागांचे करार मागवलेत. पुढची तारीख जानेवारीत.